व्हायरल लोड सापडत नाही, तरी आतड्याच्या सुजेचे आकडे वर आले; आता काय करायचे?

विचारलेले थोडक्यात असे. वय ४३. सात वर्षांपूर्वी एचआयव्हीचे निदान झाले तेव्हा सीडी४ (एचआयव्ही ज्यांच्यावर हल्ला करतो त्या रोगप्रतिकारक पेशींचा रक्तातला आकडा) १८० होते. तेव्हापासून टेनोफोव्हिर, लॅमिव्ह्युडिन आणि डोल्युटेग्राव्हिर यांची एकत्रित गोळी न चुकता चालू आहे. व्हायरल लोड (रक्तातले विषाणूचे प्रमाण) सापडत नाही, सीडी४ ५२०, सीडी४ आणि सीडी८ या दोन प्रकारच्या पेशींचे गुणोत्तर ०.६. वर्षभरापासून पोट फुगते, आठवड्यातून दोन-तीन दिवस सैल शौच होते; रक्त नाही, ताप नाही, वजन तेवढेच आहे. स्वतःहून ‘लीकी गट पॅनेल’ (आतड्याचे अस्तर गळते का हे पाहण्याचा दावा करणारा तपासण्यांचा संच) करून घेतले, त्यात झोन्युलिन हे प्रथिन जास्त आणि शौचातील कॅल्प्रोटेक्टिन, म्हणजे आतड्याच्या सुजेचा आकडा, १३८ आले. पुढे आय-एफएबीपी, सॉल्युबल सीडी१४ आणि एलपीएस या तपासण्या सुचवल्या गेल्या आहेत. सोबत ॲसिडिटीचे पँटोप्राझोल, कंबरदुखीसाठी अधूनमधून डायक्लोफिनॅक आणि झिंक-मॅग्नेशियम असलेली ‘गट रिपेअर’ पावडर चालू आहे. विषाणू आतड्यात लपून नुकसान करतो आहे का, या पुढच्या तपासण्या कराव्यात का आणि गोळी बदलावी का, हे तीन प्रश्न.

मी फिजिशियन आहे आणि माझ्या ओपीडीत एचआयव्हीसह जगणारे बरेच रुग्ण आहेत. असा पॅनेलचा कागद घेऊन येणारे हल्ली वाढले आहेत. त्यांच्या बोलण्यात दोन वेगळे प्रश्न एकमेकांत गुंतलेले असतात. औषधे व्यवस्थित चालू असतानाही एचआयव्हीमुळे आतड्यात मंद सूज राहते का, हा एक. माझे पोट का बिघडले आहे, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर ‘हो, बहुतेकांत थोडीफार राहते’ असे आहे. पण त्यावरून दुसऱ्याचे उत्तर मिळत नाही. तुमचे पोट का बिघडले, याचे उत्तर तुम्ही दिलेल्या औषधांच्या यादीतच असावे असा माझा अंदाज आहे. तुम्हाला तपासल्याशिवाय मी याला निदान म्हणणार नाही; पण अंदाज कशावरून बांधला ते सांगतो.

आधी पहिला प्रश्न, कारण ‘विषाणू लपला आहे’ ही भीती तिथूनच येते. शरीरातल्या लिम्फोसाइट पेशींचा फार मोठा वाटा आतड्याच्या अस्तरात आणि त्याला लागून असलेल्या लसिका ऊतीत असतो. एचआयव्हीला ज्या सीडी४ पेशी हव्या असतात, त्यातही ज्यांच्यावर सीसीआर५ हा रिसेप्टर (विषाणूला आत शिरायचे दार) असतो, त्या तिथे भरपूर. त्यामुळे संसर्ग कोणत्याही मार्गाने झालेला असो, पहिल्या काही आठवड्यांतच आतड्यातल्या सीडी४ पेशींचा मोठा फडशा पडतो. रक्तातला सीडी४ तेव्हा अजून बरा दिसत असतो. माकडांमधल्या एसआयव्ही विषाणूच्या बाबतीत हे १९९८ मध्ये दिसले आणि माणसांच्या आतड्यातल्या बायोप्सींवरून २००४ मध्ये पक्के झाले. त्याच्याही कितीतरी आधी, १९८४ मध्ये, डोनाल्ड कोटलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एड्सच्या रुग्णांमध्ये कोणताही जंतू न सापडता आतड्याचे अस्तर बिघडलेले असल्याचे नोंदवले होते. म्हणजे आतडे हे या आजाराचे जुने रणांगण आहे. ही गोष्ट काही पॅनेल विकणाऱ्यांनी शोधून काढलेली नाही.

नष्ट होणाऱ्या पेशींमध्ये टीएच१७ नावाचा एक प्रकार असतो. या पेशी आयएल-१७ आणि आयएल-२२ सोडतात. त्यांच्या इशाऱ्यावर अस्तराच्या पेशी आपली डागडुजी करतात आणि जंतूंना दूर ठेवणारी प्रथिने बनवतात. टीएच१७ कमी झाल्या की अस्तराची राखण ढिली पडते, आतड्यातल्या जिवाणूंचे तुकडे रक्तात झिरपतात आणि त्यांच्या सततच्या डिवचण्याने मोनोसाइट या पांढऱ्या पेशी शांत होत नाहीत. यातला जिवाणूंचे तुकडे झिरपण्याचा आणि त्याने सूज चेतत राहण्याचा भाग २००६ मध्ये जेसन ब्रेन्चली, डॅनियल डूएक आणि सहकाऱ्यांनी मांडला; टीएच१७ चा दुवा नंतर जोडला गेला. तोपर्यंत ‘एचआयव्हीत रोगप्रतिकारशक्ती कमी होते’ एवढेच आपण रुग्णांना सांगत होतो. ती एकीकडे कमी होते आणि दुसरीकडे सतत चेतलेलीही राहते, ती का, हे त्यानंतर नीट लक्षात येऊ लागले.

इथे एक आडवळण घेतो, कारण ते मला फार बोलके वाटते. आफ्रिकेतल्या सूटी मँगाबे या माकडांना एसआयव्हीचा संसर्ग निसर्गतःच असतो. त्यांच्या रक्तात विषाणू भरपूर असतो, सुरुवातीला आतड्यातल्या सीडी४ पेशीही घटतात, पण त्यांना सहसा एड्स होत नाही. त्यांच्या आतड्याचे अस्तर टिकून राहते, जिवाणूंचे तुकडे रक्तात शिरत नाहीत आणि सुरुवातीची खळबळ लवकर विझते. नुसता विषाणू असणे आणि आजार होणे यांच्या मधोमध अस्तर आणि सूज आहेत, हे यावरून दिसते. म्हणूनच संशोधक अस्तराची आणि सुजेची स्थिती दाखवणाऱ्या बायोमार्करांच्या, म्हणजे रक्तात-शौचात मोजता येणाऱ्या खुणांच्या, मागे लागले आहेत, आणि ते योग्यच आहे.

औषधे सुरू झाली की रक्तातल्या पेशी लवकर सावरतात, आतड्यातल्या मागे रेंगाळतात. किती सावरतील हे बऱ्याच गोष्टींवर ठरते. संसर्गानंतर अगदी पहिल्या आठवड्यांत औषधे सुरू झालेल्यांमध्ये टीएच१७ पेशी बऱ्याच वाचलेल्या दिसतात. उशीर झाला असेल तर लसिका ऊतीत कोलॅजन साचून पेशींना पुन्हा नांदायला जागाच नीट उरत नाही. तुमची सुरुवात १८० वरून झाली, म्हणजे विषाणूला आधी बराच काळ मिळाला होता. गुणोत्तर ०.६ वर आहे, एकच्या वर गेलेले नाही, यातही तेच दिसते. तेव्हा तुमच्या शरीरात थोडी जास्तीची सूज असणार हे मी पॅनेल न पाहताही सांगितले असते.

आता ‘लपलेला विषाणू’. विषाणूचा साठा आतड्यातल्या पेशींमध्ये राहतो, हे खरे. तो औषधे घेणाऱ्या प्रत्येकातच राहतो आणि म्हणूनच गोळी कायम घ्यावी लागते. पण व्हायरल लोड सापडत नसताना सुजेचा एखादा आकडा वर आला, म्हणून औषध हरले असा अर्थ निघत नाही. उरलेल्या सुजेत जुन्या नुकसानीचा भाग असतो, सीएमव्हीसारख्या (सायटोमेगॅलोव्हायरस) सोबतच्या विषाणूंचा असतो, धूम्रपान, दारू, पोटाचा घेर आणि यकृताचे आजार यांचाही असतो. गोळी बदलल्याने यातले काहीही बदलत नाही.

कागदावरच्या नावांकडे वळू. झोन्युलिनचे आधी उरकून टाकतो. ॲलेसिओ फसानो यांच्या गटाने हे प्रथिन २००० च्या सुमारास मांडले आणि २००९ मध्ये ते प्रीहॅप्टोग्लोबिन-२ असल्याचे सांगितले. अडचण बाजारातल्या किटांची आहे. त्यातली प्रचलित किटे झोन्युलिन म्हणून भलतीच प्रथिने मोजतात, असे २०१८ आणि २०१९ मधल्या तपासण्यांत आढळले. हॅप्टोग्लोबिनच्या १-१ या जनुकीय प्रकाराची माणसे हे प्रथिन बनवूच शकत नाहीत, आणि किटांनी त्यांच्या रक्तातही ‘झोन्युलिन’ दाखवले! तुमच्या रिपोर्टमधल्या या ओळीवर मी एक मिनिटही घालवणार नाही, आणि तुम्हीही घालवू नका.

आय-एफएबीपी हे लहान आतड्याच्या अस्तरातल्या पेशींत असणारे छोटे प्रथिन. पेशी फुटली की ते रक्तात येते, म्हणून अस्तराच्या नुकसानीचा तो सरळ पुरावा मानता येतो. संशोधनात मला हा मार्कर आवडतो. रुग्णाच्या बाबतीत मात्र तो हातात धरवत नाही. किडनी त्याला रक्तातून फार लवकर बाहेर टाकते. त्याचा निम्मा भाग सुमारे ११ मिनिटांतच निघून जातो. त्यामुळे रक्त केव्हा घेतले यावर आकडा डोलतो, किडनीचे काम मंद असेल तर फुगतो, दमवणाऱ्या व्यायामानंतरही वाढतो. शिवाय एचआयव्हीची औषधे सुरू केल्यावर तो खाली येईलच असेही नाही. तुमचा आकडा ‘जास्त’ आला तर मी तुम्हाला काय सांगणार? तुम्ही काल पळायला गेला होता का, एवढेच विचारीन.

एलपीएस म्हणजे ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणूंच्या आवरणाचा तुकडा. मूळ दोषी तोच, त्यामुळे त्यालाच मोजावे असे कोणालाही वाटेल. पण तो मोजायची पारंपरिक चाचणी हॉर्सशू क्रॅब या समुद्री जिवाच्या रक्तपेशींपासून बनते आणि माणसाच्या प्लाझ्मातले अनेक घटक तिला अडवतात. त्यात जिवाणूंचे तुकडे सगळीकडे असतात. नळी, सुई, पाणी, कशातूनही ते नमुन्यात शिरतात. खास काळजी घेणाऱ्या संशोधन प्रयोगशाळांचेही आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. नेहमीच्या लॅबमधून आलेल्या एलपीएसच्या आकड्यावर मी काही ठरवणार नाही. बुरशीच्या आवरणातल्या बीटा-डी-ग्लुकानबद्दलही तुम्ही वाचले असेल. आतड्यातून बुरशीचे तुकडे झिरपतात का हे पाहायला संशोधक ते वापरतात. दवाखान्यात त्याचा खरा उपयोग न्यूमोसिस्टिस न्यूमोनियासारख्या बुरशीजन्य आजारांच्या संशयात होतो.

सॉल्युबल सीडी१४ जरा वेगळा, त्याच्यावर थांबायला हवे. एलपीएस दिसले की मोनोसाइट पेशी हे प्रथिन सोडतात. २०११ मध्ये स्मार्ट या मोठ्या चाचणीतल्या साठवलेल्या रक्तनमुन्यांवरून नेटानिया सँडलर आणि सहकाऱ्यांनी दाखवले की ज्यांचे सीडी१४ सर्वांत वरच्या चतुर्थांशात होते, त्यांच्यात मृत्यूचा धोका सर्वांत खालच्या चतुर्थांशापेक्षा सुमारे सहापट होता. हा आकडा वाचून लोक घाबरतात, आणि नेमके इथेच थोडे थांबून विचार करायला हवा. असा अभ्यास दोन गटांची तुलना करतो. गटांच्या सरासरीत फरक खरा असतो, पण एकेका माणसाचे आकडे दोन्ही गटांत एकमेकांवर चढलेले असतात. तुमचा एक आकडा पाहून तुम्ही कोणत्या गटात मोडता हे सांगता येत नाही. त्यातून सीडी१४ यकृतही बनवते, त्यामुळे हिपॅटायटीस, साधा ताप, हिरड्यांची सूज अशा कशानेही ते वाढते. कोणत्या आकड्यावर काय करायचे अशी मान्य रेषाही आखलेली नाही.

आयएल-६ (सुजेचा मार्कर) आणि डी-डायमर (रक्त गोठण्याचा मार्कर) यांची कथा अशीच. स्मार्ट चाचणी २००६ मध्ये प्रसिद्ध झाली. सीडी४ चांगले असताना औषधे थांबवून पुन्हा सुरू करणे चालेल का, हे त्यात पाहिले होते. औषधे थांबवलेल्यांमध्ये मृत्यू वाढले, तेही केवळ एड्समुळे नव्हे, हृदय, किडनी, यकृत यांच्या आजारांनीही, आणि आयएल-६ व डी-डायमर त्या मृत्यूंशी जोडलेले निघाले. एक माणूस म्हणून तुम्हाला यातून घेण्यासारखी गोष्ट तपासणीची नाहीच. ‘पोटाला आराम’ म्हणून किंवा ‘शरीर शुद्ध करायला’ काही दिवस गोळी बंद ठेवावी असा सल्ला कोणी दिला, तर तो कानाआड करा. सूज वाढवायचा तो हमखास मार्ग आहे.

मी तपासणी लिहिण्याआधी स्वतःला एक प्रश्न विचारतो: आकडा वर आला तर मी काय वेगळे करणार, आणि खाली आला तर काय वेगळे करणार? आय-एफएबीपी, सीडी१४, एलपीएस या तिघांच्या बाबतीत दोन्हींचे उत्तर सध्या ‘काहीच नाही’ असे आहे. म्हणून पुढच्या तपासण्या कराव्यात का, या तुमच्या प्रश्नाचे उत्तर: त्यांच्यावर पैसे घालू नका. एखाद्या मान्य संशोधन प्रकल्पात रीतसर संमती घेऊन तुमचे रक्त मागितले, तर मात्र जरूर द्या. हे मार्कर तिथेच उपयोगी पडतात.

आता उरले कॅल्प्रोटेक्टिन, आणि हा मी स्वतः लिहितो तो मार्कर. न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींच्या द्रवभागातल्या प्रथिनांपैकी सुमारे ६० टक्के हेच असते. आतड्याच्या पोकळीत न्यूट्रोफिल उतरले की ते शौचात सापडते, आणि सहज कुजत नसल्याने नमुना लॅबपर्यंत पोचेतो बहुधा टिकते. प्रौढांमध्ये ५० मायक्रोग्रॅम प्रति ग्रॅमच्या खाली असेल तर मोठ्या आतड्यात जोरदार सूज असण्याची शक्यता फार कमी. २५० च्या वर असेल तर दुर्बिणीने आत पाहायची वेळ आली असे मी समजतो. तुमचे १३८ मधल्या धूसर पट्ट्यात पडते. या पट्ट्यातला एकटा आकडा ना घाबरवू शकतो, ना धीर देऊ शकतो.

इथे तुमची औषधांची यादी कामाला येते. डायक्लोफिनॅकसारखी वेदनाशामके आतड्याच्या अस्तराला बारीक इजा करतात आणि कॅल्प्रोटेक्टिन वाढवतात. पँटोप्राझोलच्या वर्गातली औषधेही ते वाढवतात. तुम्ही दोन्ही घेता. नुकताच होऊन गेलेला जुलाब, मूळव्याधीचे किंवा नाकातून गिळले गेलेले रक्त, लठ्ठपणा, वाढते वय यांनीही आकडा वर जातो. तेव्हा १३८ चे श्रेय एचआयव्हीला देण्याआधी मी ही दोन औषधे बाजूला करून पाहीन. एचआयव्हीमुळे कॅल्प्रोटेक्टिन वाढतच नाही असे नाही. उपचार न झालेल्या सुरुवातीच्या काळात ते वाढलेले आढळले आहे. पण औषधांवर असलेल्या, व्हायरल लोड नसलेल्या माणसात ते ठळकपणे वाढले, तर मी आधी दुसरे कारण शोधतो.

एक उलटी बाजूही सांगायला हवी, कारण ‘कॅल्प्रोटेक्टिन नॉर्मल, म्हणजे आतडे ठणठणीत’ असाही गैरसमज होतो. ही तपासणी न्यूट्रोफिलांची आहे. एचआयव्हीत राहणारी मंद सूज बरीचशी टी-पेशी, मोनोसाइट आणि अस्तराच्या पेशींची असते, आणि ती या जाळ्यातून निसटू शकते. लहान आतड्याच्या आजारांत, सिलिअॅक आजारात (गव्हातल्या ग्लूटेनने होणारा) आणि मायक्रोस्कोपिक कोलायटिसमध्येही (मोठ्या आतड्याची फक्त सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारी सूज) आकडा साधा येऊ शकतो. म्हणून तक्रार चालू राहिली तर चांगल्या आकड्यावर विसंबूनही मी थांबत नाही.

मग तुमचे पोट का बिघडले असेल? माझ्यासमोर बसला असता तर मी हे पाहिले असते. शौचाची साधी तपासणी आणि परजीवींसाठी खास तपासणी: जिआर्डिया, अमिबा, आणि क्रिप्टोस्पोरिडियम व सिस्टोआयसोस्पोरा यांच्यासाठी अॅसिड-फास्ट रंग. शेवटचे दोन सीडी४ कमी असताना जास्त त्रास देतात. ५२० वर त्यांची शक्यता कमी, पण सिस्टोआयसोस्पोरा सापडला तर कोट्रायमोक्साझोलने तो सुटण्यासारखा आहे, म्हणून पाहून घ्यावे. सीएमव्हीचा कोलायटिस मुख्यतः सीडी४ ५० च्या खाली असताना दिसतो. तो मी तुमच्या यादीतून जवळजवळ काढून टाकीन. गेल्या काही महिन्यांत प्रतिजैविके घेतली असतील तर सी. डिफिसील या जिवाणूची तपासणी. थायरॉइड, साखर, हिमोग्लोबिन आणि सिलिअॅकसाठी टीटीजी-आयजीए ही रक्ततपासणी. लैंगिक संबंधांविषयी मी सरळ विचारतो, आणि विचारण्यामागे हिशेब नसतो, वैद्यकीय कारण असते: गुदद्वाराकडचा दुखरा भाग, चिकट स्राव, शौचाची खोटी घाई असेल तर गनोरिया आणि क्लॅमिडिया, त्यातही एलजीव्ही हा क्लॅमिडियाचा जोरकस प्रकार, तिथलाच स्वॅब घेऊन तपासावे लागतात. लघवीची तपासणी त्यांना पकडत नाही.

ईएसआर ही सुजेची साधी रक्ततपासणी वर आली असेल तर तिने बिथरू नका. एचआयव्हीत रक्तातली अँटीबॉडी प्रथिने वाढलेली असतात, त्यामुळे ईएसआर तसाही वर राहतो. सीआरपी हा रक्तातला सुजेचा दुसरा आकडा त्यापेक्षा बरा, पण आतड्याबद्दल नेमके तोही सांगत नाही.

औषधांचा हात असतो का? जुन्या काळी खूप असायचा. नेल्फिनाव्हिर आणि रिटोनाव्हिरसोबतचे लोपिनाव्हिर घेणाऱ्यांना जुलाब इतके सर्रास होत, की एचआयव्हीची औषधे घेणाऱ्यांच्या संसर्गविरहित जुलाबांसाठी २०१२ च्या अखेरीस क्रोफेलेमर नावाचे वेगळे औषध अमेरिकेत मंजूर झाले. तुमच्या गोळीने सुरुवातीच्या आठवड्यांत पोट बिघडू शकते, पण सहा वर्षे निमूट चाललेली गोळी सातव्या वर्षी अचानक वाकड्यात शिरली असे मला पटत नाही. ती बदलण्याचे कारण मला दिसत नाही. सूज कमी होईल या आशेने चालती गोळी बदलणे तर मुळीच नको.

पावडरबद्दल मात्र मला खरी काळजी आहे. डोल्युटेग्राव्हिर पोटात मॅग्नेशियम, झिंक, अॅल्युमिनियम, कॅल्शियम, लोह यांना चिकटते आणि मग नीट शोषले जात नाही. मॅग्नेशियम किंवा अॅल्युमिनियम असलेले काहीही घ्यायचे तर गोळी त्याच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्यावी. झिंकच्या बाबतीतही मी हाच नियम पाळायला सांगतो. कॅल्शियम आणि लोह जेवणासोबत घेतल्यास गोळीबरोबर चालतात, उपाशीपोटी नाही. आतड्याची सूज शमवायला घेतलेल्या पावडरीने विषाणूवरचा लगाम सैल व्हावा, हा उलटाच व्यवहार. तुम्ही दोन्ही सकाळी एकत्र घेत असाल तर आजच थांबवा आणि पुढचा व्हायरल लोड ठरलेल्या तारखेपेक्षा थोडा लवकर करून घ्या. बरे, मॅग्नेशियमने शौच सैल होते हेही विसरू नका. तुमची तक्रार पावडरीच्या आधीची की नंतरची, हे तारखा काढून पाहा. पँटोप्राझोलचे डोल्युटेग्राव्हिरशी वाकडे नाही, पण रिल्पिव्हिरिन या एचआयव्हीच्या दुसऱ्या गोळीशी ते चालत नाही. ज्यांची गोळी पुढे कधी बदलली जाईल त्यांनी हे डॉक्टरांना आठवणीने सांगावे.

‘मग आतड्याची सूज कमी करायला काहीच नाही का?’ असे तुम्ही विचाराल. प्रयत्न झाले आहेत, आणि ते प्रामाणिक होते. रिफॅक्सिमिन हे आतड्यातच राहणारे प्रतिजैविक, एलपीएसला धरून ठेवेल म्हणून सेव्हेलॅमर, कोलायटिसमध्ये वापरले जाणारे मेसालामाइन, आणि प्रोबायोटिक, हे सगळे एचआयव्ही असलेल्यांमध्ये रीतसर चाचण्यांत वापरून पाहिले गेले. सीडी१४ किंवा सुजेच्या इतर मार्करांवर त्यांचा परिणाम नगण्य किंवा शून्य निघाला. प्रोबायोटिकने तुम्हाला बरे वाटत असेल तर सीडी४ ५२० असताना घ्यायला माझी हरकत नाही. पण पोट फुगणे त्यानेच वाढते, अशी तक्रारही मी ऐकतो. दोन-तीन आठवड्यांत फरक पडला नाही तर सोडून द्या.

सुजेचा परिणाम शेवटी ज्या अवयवावर दिसतो, तिथे मात्र हातात काहीतरी आहे. २०२३ मध्ये रिप्रीव्ह चाचणीचे निकाल आले. ४० ते ७५ वयाच्या, एचआयव्हीची औषधे घेणाऱ्या आणि हृदयविकाराचा धोका कमी ते मध्यम असलेल्या ७,७६९ लोकांना पिटाव्हास्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या स्टॅटिन वर्गातली गोळी) ४ मिलिग्रॅम किंवा नुसती खोटी गोळी दिली होती. स्टॅटिन घेणाऱ्यांमध्ये हृदयाचे आणि मेंदूच्या रक्तवाहिन्यांचे मोठे झटके सुमारे ३५ टक्क्यांनी कमी झाले. तुमचे वय या पट्ट्यात आहे. पॅनेलऐवजी तुमच्या डॉक्टरांशी बोलायचा विषय मी हा ठरवीन: रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल पाहून स्टॅटिन सुरू करायचे का. आणि धूम्रपान करत असाल तर ते आधी. तुम्ही त्याबद्दल काही लिहिलेले नाही, म्हणून विचारतो. डेन्मार्कमधल्या एका मोठ्या अभ्यासात, चांगले उपचार चालू असलेल्या धूम्रपान करणाऱ्या रुग्णांची आयुष्याची वर्षे एचआयव्हीपेक्षा तंबाखूने जास्त कमी केली होती.

आता पुढचा क्रम. पावडर बंद. डायक्लोफिनॅक बंद, कंबरेसाठी तूर्त पॅरासिटामॉल, आणि कंबर दुखते कशाने हेही दाखवून घ्या, कारण पाठीच्या काही सांधेदुखींचे आतड्याच्या सुजेशी नाते असते. सकाळी उठल्यावर पाठ ताठलेली राहते आणि हालचालीने सुटते असे होत असेल तर हे डॉक्टरांना मुद्दाम सांगा. पँटोप्राझोल नेमके कशासाठी सुरू झाले ते आठवा. जुना अल्सर किंवा रक्तस्राव झालेला असेल तर स्वतःहून थांबवू नका, नुसती सवय असेल तर डॉक्टरांना विचारून कमी करत आणा. वर सांगितलेल्या शौचाच्या आणि रक्ताच्या तपासण्या याच काळात होऊ द्या. वेदनाशामक बंद करून चार ते सहा आठवडे झाल्यावर कॅल्प्रोटेक्टिन पुन्हा करा, त्याच लॅबमध्ये, कारण वेगवेगळ्या किटांचे आकडे एकमेकांशी ताडता येत नाहीत. नमुना शक्यतो सकाळच्या पहिल्या शौचाचा द्या आणि मधे जुलाबाचा जोरदार झटका आला तर तपासणी पुढे ढकला.

दुसरा आकडा ५० च्या खाली आणि पोट शांत असेल तर विषय तिथे सोडून द्या. पुन्हा ५० आणि २५० च्या मध्येच रेंगाळला तर आणखी दोन-तीन महिन्यांनी एकदा पाहता येईल, तक्रार वाढली तर त्याआधी. २५० च्या वर गेला, किंवा आकडा काहीही असो पण शौचात रक्त, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, घटते वजन, ताप किंवा हिमोग्लोबिन कमी होणे यातले काही दिसले, किंवा घरात कोणाला मोठ्या आतड्याचा कर्करोग किंवा क्रोनसारखा आजार असेल, तर कोलोनोस्कोपीला (दुर्बिणीने मोठे आतडे पाहण्याला) टाळाटाळ करू नका. ती करणाऱ्या डॉक्टरांना एचआयव्ही आणि सीडी४ चा आकडा आधी सांगा. अस्तर वरून नितळ दिसले तरी बायोप्सी घ्यायला सांगा. मायक्रोस्कोपिक कोलायटिस डोळ्यांना दिसत नाही, आणि पॅथॉलॉजिस्टला एचआयव्हीची माहिती असेल तर ते टीबी, सीएमव्ही आणि परजीवींसाठी मुद्दाम शोधतात.